विड्रॉल स्लिप

गेल्या आषाढातली गोष्ट. पेन्शनसाठी बँकेत गेले होते. रांगेत पुढे उभी असलेली एक बाई मागे वळून म्हणाली, "एवढी स्लिप भरून देता का?" चष्मा पुसून मी पेन काढलं. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि लिहिता लिहिता हात थांबला. तिनेही ओळखलं. "बाई, मी तुमच्या वर्गात होते की पाचवीला!"

सही मात्र तिने स्वतःच केली. झोकात, खाली रेघ ओढून. सही आम्हीच शिकवली होती.

आमचा बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. मुलं बरोबर. कोपीत धाकट्याला सांभाळायला थोरली लागतेच. परत येतात ती मार्च-एप्रिलात, कारखान्याचं धुराडं विझल्यावर. तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

ही मुलगी त्यातलीच. 2000 च्या आसपास माझ्या वर्गात पटावर साठाच्या वर मुलं होती. दिवाळीपर्यंत ही नियमित येई, मग थेट वार्षिक परीक्षेला. तोंडी परीक्षेत तिला कविता म्हणायला सांगितली तर घडाघडा म्हणाली. पण तिचं बोट भलत्याच ओळीवर होतं, ते मी पाहिलं होतं. सगळं पाठ होतं, वाचता एक शब्द येत नव्हता. तरी मी मार्क दिले आणि प्रगतिपुस्तकावर लिहिलं, 'वर्गोन्नत'.

का लिहिलं? नापास केली असती तर बापाने शाळाच बंद करून दुसऱ्या वर्षी तिचं लग्न लावलं असतं. हे खरंच आहे, मी काही स्वतःची बाजू सावरत नाही... म्हणजे थोडी सावरतेच आहे. कारण पास की नापास, हा प्रश्नच नव्हता. तिचे पाच महिने बुडाले होते, ते कुणीतरी शेजारी बसवून भरून काढायला हवे होते. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी गावातच होते. मी लोणची घातली.

पुण्याला माझा नातू तापाने पंधरा दिवस शाळेत गेला नाही तेव्हा काय धावपळ! सूनबाईंनी वह्यांचे फोटो मागवले, क्लासच्या सरांनी जादा तास घेतले, मीसुद्धा फोनवरून व्याकरण घेतलं. पंधरा दिवसांसाठी एवढी माणसं. पाच महिन्यांसाठी कुणी नाही.

आपल्याकडे हा विचार नवा थोडाच आहे? जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं तेव्हा नुसतं सक्तीचं शिक्षण मागितलं नव्हतं. शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना बरा पगार हवा, हेही मागितलं होतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! देशाचा शिक्षणहक्क कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हक्क मिळाला. चांगलं झालं. साखरशाळा निघाल्या, मुलांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृहं निघाली. त्यांचा उपयोग झालेली मुलंही मी पाहिली आहेत. पण पटावर नाव असणं आणि पुस्तक वाचता येणं यात केवढं अंतर असतं, ते मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि आम्हीच ते लाल शाईने झाकतो. असो.

बँकेबाहेर तिला विचारलं, पोरंबाळं किती? म्हणाली, मुलगी चौथीला आहे, हंगामात तिला आजीपाशी ठेवते. "म्हटलं, माझ्यासारखं नको व्हायला."

"वाचते का नीट?"

"काय माहीत बाई. पुस्तक घेऊन बसती, घडाघडा म्हणती. बरोबर का चूक, मला कुठं कळतंय?"

घडाघडा म्हणती! माझ्या पोटात खड्डा पडला.

रविवारी आमच्याकडे बाजार असतो. म्हटलं, आजीबरोबर पाठवून दे. पोरगी आली, चित्र पाहून सगळा धडा म्हणून दाखवला. मी चित्रावर हात ठेवला आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. ती गप्प. आईसारखेच डोळे, तसेच खाली घातलेले.

तेव्हापासून दर रविवारी येते. आजी भाजी घेऊन होईपर्यंत तास-दीड तास मिळतो. पहिले दोन रविवार नुसता काना-मात्रा केला. दुसरीचं पुस्तक घेतलं, तर तिला लाज वाटली. मग वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर आलो, त्यात ती रमली. एकदा बाजारातून येताना दुकानाची पाटी स्वतःच वाचून आली, 'कृषी सेवा केंद्र'. 'केंद्र'ला अडखळली म्हणे, पण सोडलं नाही.

दिवाळीनंतर आई जाईल. जाण्याआधी एकदा आईलाही घेऊन ये, असं पोरीला सांगितलंय. सध्या आम्ही जोडाक्षरांवर आहोत.