उभं राहायची जागा

जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. आमच्याकडचा पोरगा रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये लागला की खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा गाठतो. मीही तसाच लागलो, आणि हातात आला तो घरचाच कोयता. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडून हात तयार होताच; पण तो इथे अर्धाच कामाचा. राबाच्या फांदीचा खुंट कसाही राहिला तरी चालतो. रुळाकडेला तिरका खुंट म्हणजे भाला. गाडी आली की माणूस खाली बघत नाही, बाजूला उडी मारतो. म्हणून घाणेरी, कारवी जमिनीसरशी सपाट कापायची. दोन घाव जास्त लागले तर लागू देत.

कसाऱ्यापुढच्या थळ घाटातून गाडी इगतपुरीला पोचली १८६५ साली. चढ १:३७ चा, वळणं, बोगदे, आणि आता तीन मार्ग. मागून रेटणारी बँकर इंजिनं लावून चढणारी गाडी लांबूनच ऐकू येते. तिच्याच आवाजात शेजारून उतरणारी दडते. मग भरवसा डोळ्यांवर. वळणावर नजर अडवते ती आतल्या बाजूची झाडी. बाहेरची कितीही साफ केली तरी फोटोपुरती.

घाटाखाली ताशी १०० किलोमीटरची गाडी सेकंदाला २८ मीटर येते. ३०० मीटरवर दिसली तर दहा-अकरा सेकंद, १५० वर दिसली तर पाच. तेवढ्यात लुकआउटवाल्यानं शिटी मारायची, पहारी-फावडी उचलायची, सगळ्यांनी खडीच्या कडेला, सेसवर यायचं. आणि सेसवर काय? जुने स्लीपर, रुळाचे तुकडे, फाटकी पोती. काम झाल्यावर उरलेलं उचलणं कुणाच्याच वाट्याला नसतं. ते पावसाआधी हलवावं. गवत कमरेला लागलं की ते कोयत्यालाच सापडतं, फुरसंही तिथंच.

उतारावरची झुडपं मात्र मुळासकट उपटू नयेत, माती सुटते. कापलेलं गटारात ढकललं की पाणी तुंबून रुळाखाली शिरतं. आळशी माणूस दोन्ही करतो.

आता ब्रशकटर आलेत. काम झपाट्यानं उरकतं, पण त्या घरघरीत शिटी ऐकू येत नाही. मशीनवाल्याजवळ एक माणूस नुसता उभा ठेवावा, खांद्यावर थाप मारायला. साहेबाला तो रिकामा दिसतो. मुकादमानं खुशाल त्याच्या नावापुढे ‘गवत कापणे’ लिहावं.