रजेचे कारण

आमच्या शाळेत किरकोळ रजेचा छापील फॉर्म आहे. वर नाव, हुद्दा, मग तारखा आणि खाली एक ओळ: 'रजेचे कारण'. बारा वर्षांच्या नोकरीत त्या ओळीवर आम्ही काय काय लिहिले! मुलाला ताप, नणंदेची मंगनी, चुलत सासऱ्यांची मय्यत, सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन. बहुतेक वेळा खरे, कधीकधी खोटे. पण 2018 च्या जानेवारीत आम्ही दोघी मैत्रिणी त्या ओळीपुढे पेन धरून बराच वेळ बसून राहिलो. आम्हाला एका शनिवारची रजा हवी होती, आणि कारण एवढेच होते की आम्हाला मुंबईला जाऊन नाटक बघायचे होते. शेवटी दोघींनीही लिहिले, 'घरगुती काम'.

आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. एकाच वर्षी, एकाच बाकावर बसून केले. आम्हाला नवरा, दोन मुले आणि सासूबाई आहेत. मैत्रिणीच्या तलाकला तेव्हा आठ वर्षे झाली होती. ती भावाच्या घरी राहते आणि पगाराची अर्धी रक्कम भावजयीच्या हाती देते. मुली आम्हा दोघींना 'आपा' म्हणतात. घरी, दारी, शाळेत आम्ही सदैव कोणाच्या तरी कामाच्या. गावाला गेलो तर लग्नाला गेलो, नाहीतर मातीला. नुसते मजेसाठी कुठे गेलो, असे आम्हा दोघींनाही आठवेना.

शाळेत 'घरगुती काम' सांगितले, तर घरी शाळेचे काम सांगणे ओघानेच आले. 'पुण्या-मुंबईकडे ट्रेनिंग आहे,' एवढेच बोललो. शिक्षकांच्या ट्रेनिंगला अंत नाही हे घरच्यांनाही ठाऊक असते, म्हणून कोणी खोलात शिरले नाही. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलो. गाडी सुटली तशी मैत्रीण कुजबुजली, "ऐसा लगरा जैसे चोरी करके भाग रे." कुर्डुवाडी मागे पडेपर्यंत आम्ही तोंडावर ओढणी धरून हसत होतो.

सकाळी मुंबईला उतरलो. स्थानकाजवळच्या एका लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने ओळखपत्रे पाहिली, रजिस्टर उघडले आणि विचारले, "सोबत जेंट्स कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग आलात कशासाठी?"

'नाटक बघायला' म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटले. दुसऱ्या लॉजवर 'रूम नाही' असे उत्तर मिळाले. आमच्यामागून आलेल्या जोडप्याला मात्र किल्ली मिळाली. फुटपाथवर बॅगा ठेवून आम्ही उभ्या राहिलो. दोन पदवीधर, सरकारी पगार घेणाऱ्या, निवडणुकीत अख्खे मतदान केंद्र सांभाळणाऱ्या बायका! मतपेट्या सोपवता येतात, खोलीची किल्ली सोपवता येत नाही. मैत्रीण म्हणाली, "चल, वापस जाएँगे." तिच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. तेच आम्हाला जास्त लागले.

डोंगरीत तिची खाला राहते. तिथे जायचे नव्हते, कारण खालाकडे गेलो की बातमी सोलापूरला पोचणार. पण दुसरा इलाज नव्हता. खालाने दार उघडले आणि तिचा चेहरा उतरला. "कोई बीमार है क्या? जे.जे. को लाए?" मुंबईत अचानक उगवणारा सोलापूरकर दवाखान्यासाठीच आलेला असतो, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. आम्ही खरे ते सांगितले.

"नाटक? सिर्फ नाटक?" खाला जरा वेळ आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा किया. नहा लो, खिमा-पाव लाती हूँ."

दुपारी साडेतीनला दादरच्या शिवाजी मंदिरात मराठी विनोदी नाटक होते. 1965 पासून उभ्या असलेल्या या नाट्यगृहाबद्दल आम्ही वाचत आलो होतो. सोलापुरात हुतात्मा स्मृतिमंदिरात नाटके येतात, पण तिथे शेजारी कोणीतरी ओळखीचे निघते आणि दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात विचारणा होते. इथे आम्हाला कोणी ओळखत नव्हते. आमचे डोक्यावरचे रुमाल पाहून शेजारच्या बाईंनी मात्र अगदी मायेने विचारले, "तुम्हाला मराठी कळतं का हो?"

"कळतं," आम्ही म्हणालो, "शिकवतोसुद्धा." उर्दू माध्यमाच्या शाळेतही मराठी विषय असतो, हे त्यांना नवीन होते. बाई ओशाळल्या. मध्यंतरात त्यांनी आमच्यासाठी बटाटेवडे आणले आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या अंकात एका विनोदावर त्यांच्याआधी आम्हीच हसलो, तेव्हा त्यांनी मैत्रिणीच्या मांडीवर थाप मारली. त्यांच्या प्रश्नाचा राग धरावा असे त्यात काही उरले नाही.

रात्री नऊचा खेळ जुहूला, पृथ्वी थिएटरमध्ये. पृथ्वीराज कपूरांच्या फिरत्या नाटक कंपनीचे हे नाव शशी कपूर आणि जेनिफर यांनी 1978 मध्ये या वास्तूला दिले. शशी कपूर जाऊन तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. तिथे उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, हे आम्ही ऐकून होतो; आणि विलेपार्ल्याहून घेतलेली रिक्षा गर्दीत रुतली. शेवटचा रस्ता आम्ही अक्षरशः धावत गेलो. शाळेच्या क्रीडा महोत्सवात शिट्ट्या फुंकतो, पण स्वतः धावून वीस वर्षे झाली असतील. तिसऱ्या घंटेच्या आत आत शिरलो आणि जागा मिळेल तिथे बसलो. तीन बाजूंनी प्रेक्षक, मध्ये रंगभूमी, नट हाताच्या अंतरावर.

नाटक होते मोटली संस्थेचे 'इस्मत आपा के नाम'. इस्मत चुगताईंच्या तीन कथा, एकेक नट एकटाच उभा राहून अख्खी कथा शब्दाला शब्द सांगतो. उर्दू शिकवणाऱ्यांना इस्मत आपा माहीत नसतात असे नाही. पण स्टाफरूममध्ये त्यांचे नाव निघाले की आवाज खाली येतो. 1942 च्या 'लिहाफ' कथेवरून त्यांच्यावर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला, तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्या आमच्यासारख्याच शिक्षिका होत्या, हे कोणी सांगत नाही. शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, बरेलीत मुलींची शाळा चालवली आणि मग याच मुंबईत शाळांच्या तपासनीस म्हणून नोकरी केली. म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या.

हीबा शाहने 'छुई मुई' सांगितली. मूल राहावे म्हणून जपून जपून काचेची झालेली नाजूक भाभी, आणि त्याच रेल्वेच्या डब्यात कोणाच्या मदतीवाचून बाळंत होणारी गरीब बाई. मग रत्ना पाठक शाह यांची 'मुगल बच्चा'. गोरी बीचा घूंघट नवरा उचलत नाही; तो म्हणतो, तूच उचल. ती उचलत नाही. त्या एका हट्टात दोघांचे आयुष्य निघून जाते. लोक मध्येमध्ये हसत होते. आमच्या हाताला एकदम काहीतरी रुतले. मैत्रिणीने आमचे मनगट घट्ट धरले होते. अंधारात तिच्याकडे बघायचे आम्ही टाळले. आठ वर्षांत तिने तलाकबद्दल जे कधी सांगितले नव्हते, ते आम्हाला त्या पकडीवरून कळले.

शेवटी नसीरुद्दीन शाह यांची 'घरवाली'. लाजो मोलकरीण म्हणून आलेली, घर सांभाळणारी, कोणाच्या बापाला न भिणारी. मिर्झा तिच्याशी निकाह लावतो आणि सगळा बिघाड तिथून सुरू होतो. आता मात्र मैत्रीण हसायला लागली. सुरुवातीला ओढणीआड, मग ओढणी सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्गात मुली जोरात हसल्या तर 'लडकियाँ ऐसा नहीं हँसतीं' म्हणून दटावणाऱ्या आम्हीच. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने मागे वळून हळूच एका शब्दाचा अर्थ विचारला. आम्ही सांगितला. दुपारी आम्हाला मराठी कळते का, असा प्रश्न. रात्री आमच्याकडून उर्दू समजून घेणारा हा मुलगा. एका दिवसात दोन्ही भाषा आमच्या आहेत, हे दोनदा सिद्ध झाले.

बाहेर झाडांखाली बसून चहा घेतला. कोणी नट, कोणी विद्यार्थी, मुलीही पुष्कळ; सगळ्या निवांत. घड्याळ बघत होतो आम्हीच. साडेअकराच्या सुमारास लोकलच्या महिला डब्यात बसलो. डब्यात एक पोलीस उभा होता. ड्यूटी संपवून निघालेल्या नर्स, मॉलमधल्या विक्रेत्या मुली, एक मासळीवाली रिकामी पाटी पायाशी ठेवून पेंगत होती. रात्री बाहेर राहणाऱ्या बायकांबद्दल आमच्याकडे जे बोलले जाते ते आठवले. इथे तर सगळ्या आमच्यासारख्याच थकलेल्या दिसत होत्या.

खालाकडे सरळ जायचे सोडून चर्चगेटपर्यंत गेलो आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो. साडेबारा वाजले असतील. सायकलवर कॉफी विकणारा आला. आया मुलांना घेऊन बसल्या होत्या, एक आजोबा रेडिओ ऐकत होते. समोर काळा समुद्र, मागे दिव्यांची ओळ. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ सालों में पहली बार किसी ने नहीं पूछा, कब आएगी."

आम्ही काही उत्तर दिले नाही. मनात आले, आम्हाला तर रोज विचारतात आणि आम्ही त्यालाच सुख समजतो. तेही खरेच आहे. पण आजची रात्र दुसऱ्या जातीची होती.

खाला जागी होती. आम्हाला पाहताच म्हणाली, "सुनाओ, क्या देखा?" रात्री दीड वाजता, दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारी उठू नयेत म्हणून दबक्या आवाजात मैत्रिणीने तिला 'घरवाली' करून दाखवली. खाला तोंडात पदर कोंबून हसली. मग म्हणाली, "बंबई में चालीस साल हुए. मैंने एक नाटक नहीं देखा." तिने तक्रार केली नव्हती, तरी आम्हाला वाईट वाटले. तिकिटे तीन काढता आली असती.

रविवारी सकाळी भेंडीबाजारात नहारी खाल्ली, मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मानकडून अफलातूनचे डबे घेतले आणि रात्रीच्या गाडीने परतलो.

सोमवारी सकाळी अम्मी, म्हणजे सासूबाई, ओट्याशी होत्या. अफलातूनचा डबा पाहून म्हणाल्या, "आजकल ट्रेनिंग में अफलातून बाँटते क्या?" खालाचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. आम्ही मान खाली घालून उभ्या राहिलो. अम्मींनी एक वडी तोंडात टाकली आणि सावकाश बोलू लागल्या. 1972 मध्ये 'पाकीज़ा' लागला, तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. शेजारणीबरोबर बुरखा घालून त्या दुपारच्या खेळाला गेल्या. घरी सांगितले, दर्ग्याला जाते. परतताना बत्ताशांचा प्रसाद विकत घेतला, म्हणजे कोणाला शंका नको.

"वो बत्ताशे आज तक गले में अटके हुए हैं," त्या म्हणाल्या. "पिक्चर का गम नहीं. झूट का है."

त्या दिवशी पहिला तास नववीचा होता. हजेरी झाली तशी एका मुलीने विचारले, "आपा, हफ्ते को आप दोनों नहीं थे. कहाँ गए थे?"

चाळीस चेहरे समोर होते. 'घरगुती काम' हे शब्द ओठांवर आले होते. आम्ही म्हणालो, "मुंबई. नाटक देखने."

"और?"

"और कुछ नहीं."

वर्ग गप्प होता. कोणाचे लग्न, कोण आजारी, ते आम्ही पुढे सांगू म्हणून मुली वाट बघत होत्या. पहिल्या बाकावरची म्हणाली, "बस, ऐसेच?"

"हौ, ऐसेच."

तिने शेजारणीकडे पाहिले आणि दोघी खुदकन हसल्या. मग सगळा वर्ग हसला, चांगला जोरात. आम्ही दटावले नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा रजा काढली. या वेळी तीन तिकिटे होती, एक खालाचे. मैत्रिणीने फॉर्म पुढे ओढला आणि कारणाच्या ओळीवर लिहिले, 'नाटक बघणे'. आम्हीही तेच लिहिले. मुख्याध्यापकांनी वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. "मॅडम, ये वजह नहीं चलती. 'घरेलू काम' लिख दो."

"सर, वजह तो यही एक है."

ते जरा वेळ बसून राहिले. मग सही केली. पण आमच्या अक्षरांपुढे स्वतःच्या पेनाने कंसात एक शब्द जोडला, 'घरगुती'.

तो फॉर्म शाळेच्या फाइलमध्ये आहे. नाटक बघणे (घरगुती). आम्ही त्याला हरकत घेतली नाही.