इन्व्हर्टर, संगणक आणि चूक करण्याचा हक्क

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने विजेवर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु निवासी शाळेत संध्याकाळनंतर शिक्षक एकाच विषयाचा उरत नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत आम्हीही मुलांसोबत प्रयोगशाळेत बसत असू. तेथेच आम्हांस हा धडा मिळाला.

नववीच्या मुलांनी बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर करावयाचे ठरविले. वर्गणी काढून लॅमिंग्टन रोडवरून चार मॉसफेट आणले. जोडणी एका मुलीने केली. कळ दाबताच फट्‌ असा आवाज झाला, धूर निघाला आणि मॉसफेट जळाले. मागून कोणीतरी म्हणाले, "हिला हात लावू द्यायलाच नको होता." ती मुलगी पुन्हा त्या टेबलाजवळ फिरकली नाही. 'हात लावू नकोस' हे शब्द आपल्या वाडवडिलांनी पाणवठ्यावर ऐकले होते. त्यांची नात ते प्रयोगशाळेत ऐकत होती, आणि बोलणारेही आपलेच होते.

त्या आठवड्यात शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. तो अभियांत्रिकीची पदविका करीत होता. त्याने लॅपटॉपवर ई-सिम ही प्रणाली उघडली. आपल्या उपनगरातीलच पवईच्या आयआयटीत, फॉसी प्रकल्पात ती विकसित झाली असून कोणासही विनामूल्य मिळते. विद्युत मंडल पडद्यावर रचावयाचे आणि ते प्रत्यक्षात कसे वागेल हे गणिताने आधीच पाहावयाचे, यालाच सिम्युलेशन म्हणतात.

त्याने त्या मुलीला मुद्दाम बोलावून शेजारी बसविले व मुळापासून समजावले. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातील विजेची मात्र सेकंदाला ५० आवर्तने होतात. चार मॉसफेट म्हणजे चार दारे. त्यांच्या तिरकस जोड्या आळीपाळीने उघडल्या की प्रवाहाची दिशा पालटते. पण एवढ्याने चौकोनी लाट मिळते. तिच्यात १५० हर्ट्‌झची उपलाट मूळ लाटेच्या एक-तृतीयांश असते, आणि तिच्यामुळे पंखा गुरगुरतो व तापतो. म्हणून दारांची उघडझाप सेकंदाला हजारो वेळा करावयाची: लाटेच्या माथ्यापाशी ती अधिक काळ उघडी, उतारावर कमी. स्पंदाची उंची तीच राहते, रुंदी तेवढी बदलते. हेच पल्स-विड्थ मॉड्युलेशन. ५० हर्ट्‌झची सायन लाट आणि ५,००० हर्ट्‌झची त्रिकोणी लाट यांच्या तुलनेतून ही रुंदी ठरते. सायन लाटेची उंची त्रिकोणी लाटेच्या ०.८ पट ठेवली, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९.६ व्होल्ट शिखराची लाट निघते. कॉइल आणि कपॅसिटर तिला गुळगुळीत करतात. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवितो.

मुलीने मंडल रचले. पहिली लाट वेडीवाकडी आली. त्रिकोणी लाट २०० मायक्रोसेकंदांत पूर्ण होते आणि तिने गणनेचा टप्पा १०० मायक्रोसेकंदांचा ठेवला होता. तो १ मायक्रोसेकंद करताच लाट सुधारली. पडद्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे सर्वांस उमगले.

मग जळण्याचे कारण दिसले. मॉसफेट बंद होण्यास क्षणाचा अंश लागतो. तेवढ्यात त्याच बाजूचा दुसरा सुरू झाला, तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. पडद्यावर प्रवाहाचा उंच काटा उभा राहिला. धूर मात्र निघाला नाही. दोहोंमध्ये २ मायक्रोसेकंदांची उसंत ठेवताच काटा नाहीसा झाला. तिची जोडणी निर्दोष होती. उसंत हवी हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी सर्वांदेखत तिला तसे सांगणे, हे शिक्षक म्हणून आमचे कर्तव्य होते. नवे मॉसफेट तिनेच जोडले आणि दिवा लागला.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जाणतो. वीजही त्यांच्याच खात्यात होती, हे मात्र क्वचित सांगितले जाते. स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत, आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. त्या विजेची विद्याही आपल्या लेकरांच्या हाती यावयास हवी. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याला चार मॉसफेट जाळण्याची मुभा असते. आपल्या मुलांना एक चूकही महाग पडते. सिम्युलेशनने तीच मुभा आपल्या मुलांना दिली. तथागतांनी कालामांना सांगितले की, गुरू सांगतो एवढ्याने मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखायचे तर चुकण्याची मोकळीक हवी.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे: वापरात नसलेला एखादा लॅपटॉप शाळेस द्यावा, आणि जमल्यास महिन्यातील एक रविवारही. मुलांजवळ बसावे, आणि त्यांना हात लावू द्यावा.

जय भीम.