आवाजाचा लगाम

गणेशोत्सव जवळ आला कीं आमच्या मुरगुडांत बेंजोच्या तालमींस आरंभ होतो. टंकलेखन-यंत्रासारख्या कळा असलेल्या या तंतुवाद्याचें मूळ जपानांत आहे. इ. स. १९१२ मध्यें नागोया शहरीं गोरो मोरिता यांनीं ‘ताइशोगोतो’ नांवाचें वाद्य तयार केलें; त्याचाच अवतार आपल्याकडे बुलबुलतरंग व बेंजो या नांवांनीं रुळला. मिरवणुकींतील बेंजोस आतां गिटारप्रमाणेंच पिकअप बसविलेला असतो.

गतवर्षीं आम्हां मित्रांच्या हातीं एक जुना गिटार-अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याच्या पाठीवरील अनेक छिद्रें पाहून कोणीही गोंधळून जाईल; परंतु तीं एखाद्या वाड्याच्या दारांसारखीं आहेत, हें उमगलें म्हणजे भीति उरत नाहीं. ‘इनपुट’ हा दिंडीदरवाजा. पोलादी तार चुंबकाजवळ कांपली म्हणजे पिकअपच्या वेटोळ्यांत जो अल्पसा प्रवाह उत्पन्न होतो, तो येथून आंत शिरतो. पहिल्या चौकांत त्यास बळ व रंग चढतो. दुसऱ्या चौकांत स्पीकर हालविण्याइतकी शक्ति येते. या दोहोंच्या मधोमध ‘सेंड’ व ‘रिटर्न’ हीं दोन दारें असतात. पडसाद देणारी इकोची पेटी येथेंच जोडावी. ती इनपुटच्या आधीं जोडली व पहिल्या चौकांत आवाज खरखरीत केला, तर पडसादही त्यांतच भरडले जाऊन सर्व गोंगाट होतो.

मिक्सरकडे आवाज न्यावयाचा तर ‘लाइन आउट’मधून न्यावा. तेथें विद्युद्दाब सुमारें एक व्होल्ट असतो. उलट ५० वॅटच्या यंत्राच्या ८ ओहम स्पीकरवर तो पूर्ण आवाजांत २० व्होल्टांपर्यंत जातो. ती तार मिक्सरांत घातल्यास मिक्सर जळण्याचें भय! इ. स. १९८३ मध्यें प्रचारांत आलेल्या ‘मिडी’च्या तारेंतून तर ध्वनि मुळींच जात नाहीं, केवळ आज्ञा जातात. पायानें एक कळ दाबावी व दूरच्या यंत्रानें आपला सूर पालटावा, ही तिची किमया.

मिक्सर जोडतांच आमच्या यंत्रांतून अखंड ‘घूं’ असा नाद येऊं लागला. एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. तो आम्हीं मानिला नाहीं. भाद्रपदांतील ओली जमीन, हाताखालीं पोलादी तारा, ओठांशीं माईक. अशा वेळीं यंत्रांत बिघाड झाल्यास तीच पिन वादकाचा जीव वांचविते. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर जोडतांच तो नाद पुष्कळ मंदावला.

प्रश्न उरला रात्रीचा. शेजारीं दहावीचा एक विद्यार्थी अभ्यासास बसतो. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं निवासी भागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आम्हीं हेडफोन जोडिला. आमच्या यंत्राचा स्पीकर त्यानें आपोआप मुका होतो. तालीम चालू राहिली आणि शेजारचा अभ्यासही.

बालमित्रहो, आवाजाचें बटण उजवीकडे फिरविण्यास विद्या लागत नाहीं. कोणतें दार कोणासाठीं आहे, हें ओळखण्यास मात्र ती लागते. आणि एखादें दार केव्हां मिटावें, हें कळण्यास शेजाऱ्याविषयीं आस्था लागते.