सतराव्या मिनिटानंतर

प्रिय राहुल भेके,



आपली ओळख नाही. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. साठी ओलांडली आहे. ऐन उमेदीत काही हंगाम तालमीच्या संघातून बॅकला खेळलो, एवढीच आपल्यातली सोयरीक. तुम्ही मुंबईचे, त्यामुळं आमच्या गावाचं फुटबॉल तुमच्या कानावर असेलच. तरी थोडं सांगतो. आमच्याकडं संघांच्या नावात तालीम असते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल, खंडोबा. तांबड्या मातीतनं हिरवळीवर आलेला खेळ. त्यामुळं प्रेक्षकाची नजरही कुस्तीचीच राहिली : एक वर, एक खाली, मधलं काही नाही. शाहू स्टेडियममध्ये पेठेची मॅच असली की पोलिसांचा बंदोबस्त लागतो. बॅकनं चेंडू पायात घेऊन मान वर केली, कुणाला द्यावा म्हणून जरा विचार केला, की पायऱ्यांवरनं आरोळी येते, "उडीव!" उडवला तर टाळ्या. पास दिला आणि चुकला, तर तुमच्या मागच्या चार पिढ्यांचा उद्धार.

माझा चुकला होता. सेमी फायनलला गोलीकडं बॅकपास दिला, तो निम्म्या वाटेत चिखलात थांबला आणि त्यांच्या फॉरवर्डनं आयता उचलला. मॅच गेली. त्यानंतर दोन वर्षं पानपट्टीवर लोक माझं नाव घेत नव्हते. "काय बॅकपास, चहा?" असं विचारायचे. प्रेमानंच म्हणायचे, पण मी चोविसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगले. घरच्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय.

पत्राचं कारण म्हणजे आमच्या शेजारचा पोरगा. वय तेवीस, स्टॉपरला खेळतो. यंदा एका मॅचमध्ये त्याच्या हातनं पेनल्टी गेली आणि आता त्याचीही गुडघेदुखी सुरू झाली आहे. त्याला समोर बसवून मी तुमची कारकीर्द सांगितली. सांगताना माझ्याच ध्यानात आलं, की तुमचं सगळं उशिरानं आलंय.

२०१७ साली आमच्या अनिकेत जाधवनं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला आणि सगळ्या कोल्हापूरला वाटायला लागलं, की फुटबॉलपटू सतराव्या वर्षी घडलेला असतो. फॉरवर्डचं असेलही तसं. वेग असतो, बेडरपणा असतो, चार वेळा चुकला तरी पाचव्या गोलानं सगळं धुऊन निघतं. बॅकचं तसं नाही. समोरचा कुठल्या पायानं आत वळणार, पुढं धावायचं की जागा धरून उभं राहायचं, हे चुकून-चुकूनच कळतं, आणि त्याच्या चुका फलकावर लागतात. तुम्ही मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असे घाट चढत बंगळूरला पोचलात. देशाच्या सीनियर संघाकडून पहिला सामना जून २०१९ मध्ये, थायलंडात, कुराकाओविरुद्ध. १-३ हरलात. तेव्हा तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे होता. आमच्या पेठेत अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस 'माजी खेळाडू' म्हणून स्पर्धेच्या उद्घाटनाला नारळ फोडतो.

त्याच्या तीनेक महिने आधीचा अंधेरीतला आयएसएल फायनल मी टीव्हीवर पाहिला. समोर गोवा, नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड. मग ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि तुम्ही डोकं लावलंत. बंगळूर पहिल्यांदा आयएसएल विजेता, तोही तुमच्याच गावात. (तोच जाहू पुढं मुंबई सिटीत तुमच्या बाजूनं खेळला. एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध एका गोलनं मागं पडूनही २-१ जिंकलात, तेव्हा विजयी गोल तुमच्या डोक्याचा. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेली ती पहिली मॅच.)

पण पोरानं हे सगळं जांभया देत ऐकलं. तो सरळ बसला तो दोहाची गोष्ट आली तेव्हा.

१० सप्टेंबर २०१९. वर्ल्ड कपची पात्रता फेरी, समोर कतार, त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला. आपले सुनील छेत्री आजारी, बाहेर. मागं गोली गुरप्रीत, मधे झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, डावीकडं गोव्याचाच मंदार राव देसाई, उजवीकडं तुम्ही. कतारचे हल्ले लाटांसारखे येत होते. ०-०. मी घरात उभा राहून मॅच बघत होतो, बायको म्हणाली, बसा की, तुम्हाला कुठं मार्किंग करायचंय.

मग ३ जून २०२१. तेच दोहा, तोच कतार. सतराव्या मिनिटाला तुम्हाला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. दहा जणांनिशी आपण जवळजवळ सव्वा तास खेळलो आणि १-० हरलो. शर्टाच्या कॉलरशी हात नेत तुम्ही बाहेर चाललात की मान खाली घालून, ते मी पाहिलं नाही. मी टीव्ही बंद केला होता. माझा बॅकपास आठवला, खोटं कशाला बोलू.

पोरानं विचारलं, "मग सोडलं त्यांनी?"

म्हटलं, नाही रे बाबा. जानेवारी २०२४ ला आशियाई कपात, त्याच कतारच्या भूमीवर, ऑस्ट्रेलियापुढं हा माणूस झिंगनच्या शेजारी उभा होता. हाफटाइमपर्यंत गोल होऊ दिला नाही, नंतर दोन झाले. त्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीनं आयएसएल कप उचलला, तेव्हा कॅप्टन हाच. वय तेहतीस. आणि देशासाठी गोल मार्च २०२५ मध्ये, शिलाँगला, मालदीवविरुद्ध, चौतिसाव्या वर्षी. त्यातही तुमचं नशीब बघा : त्याच मॅचमध्ये निवृत्तीतनं परत आलेल्या छेत्रींनी गोल केला, म्हणजे मथळे त्यांचे.

आमच्या तालमींकडं पैसा नाही असं नाही. परदेशातनं आफ्रिकन खेळाडू आणतात, बक्षिसाच्या रकमा फलकावर लावतात. पण बॅकच्या पोराला चार हंगाम चुका करू द्यायची ऐपत कुणाची नाही. पेनल्टी गेली की पुढच्या रविवारी बाकावर. बाकावरनं तो भरतीच्या अर्जाकडं आणि अर्जावरनं गुडघ्याकडं जातो. माझं भांडण आहे ते याच्याशी, आणि मी त्यात स्वतःलाही धरतो. 'उडीव' म्हणून मीही पायऱ्यांवरनं ओरडलोय.

जमलं तर हंगामात एकदा या. सत्कार नको, शाल-फेटाही नको. तो फेटा बांधायला आमच्याकडं माणसं टपलेलीच असतात. सकाळी गांधी मैदानावर पोरं असतात, तिथं तासभर.

पोरगा सरावाला जायला लागलाय की नाही, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. काल जिन्यात बुटाचा चिखल दिसला, बस्स. पण तुमच्यासाठी त्यानं एक प्रश्न दिलाय. गोलांबद्दल नाही. लाल कार्ड मिळालेल्याला बाकावरही बसता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तर त्या दिवशी सतराव्या मिनिटापासून पुढं ड्रेसिंग रूममध्ये तुम्ही काय केलंत, आणि बाहेर ओरडा झाला तेव्हा गोल झालाय हे तुम्हाला कसं कळलं, एवढं विचारा म्हणाला.

आपला,
शिवाजी पेठेतला एक जुना बॅक