दोन इंचांचा प्रश्न

काही माणसांच्या हाती करवत देऊ नये. आमच्या मामांनी एका टेबलाचे चारही पाय सारखे करता करता त्याचा पाट केला. पाट मात्र उत्तम झाला, त्यावर आम्ही जेवलोही. त्यामुळे "रिव्हॉल्व्हरची नळी जरा कापावी म्हणतो," असं मामा म्हणाले, तेव्हा मामींनी आधी करवत लपवली आणि मग मला निरोप धाडला.

मामांचं रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्याचं. शेतावर एकटं राहावं लागे म्हणून घेतलेलं. चोर त्याने अजून पाहिलेला नाही. पोलीस ठाणं मात्र निवडणुकीत जमा होताना अनेकदा पाहिलंय. तक्रार एकच : चार इंची नळी खिशातून डोकावते.

"अरे, कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंची नळीचं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढलंच ना? मग मी दोन इंच उडवले तर बिघडलं कुठं?"

बिघडतं ते सगळं त्या दोन इंचांतच असतं. नेम धरायची माशी बसते नळीच्या टोकावर. तुकड्याबरोबर तीही गेली. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, त्यांतून गोळी गिरक्या घेत निघते म्हणून सरळ जाते. तोंड केसभर जरी तिरपं कापलं गेलं, तर मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि उंबरठ्यावरच गोळीला धक्का देतो. शिवाय नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो, जाळ आणि आवाज तेवढे वाढतात. म्हणजे भांडखोर पण कामाला उपयोग नाही, अशातली गत!

आणि कायदा? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं सहावं कलम सांगतं, की नळी आखूड करायलाही परवाना लागतो. बाळगायचा परवाना हा कापायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दोन इंचांना सात वर्षं, म्हणजे इंचाला साडेतीन!

हा हिशेब ऐकून मामा नरमले. मग परवाना आणि रिव्हॉल्व्हर घेऊन आम्ही एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यालाही दुरुस्तीचा सरकारी परवाना लागतो. तो त्याने देवाच्या तसबिरीशेजारी टांगला होता. त्याने चष्मा पुसला, नळीत डोकावून पाहिलं.

"कापण्याआधी आलात, हे बरं केलंत," तो म्हणाला. "लोक कापून झाल्यावर येतात. लोखंड कापता येतं साहेब, परत उगवत नाही."

"मग आता करू काय?" मामांनी विचारलं.

"रिव्हॉल्व्हर चांगलंय. चुकलाय तो खिसा. शेजारीच शिंपी आहे."

शिंप्याने खिसा दोन इंच खोल करून दिला. परवाना मागितला नाही.