भरून घेतलेली कॅसेट

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मराठीचा तास संपतां संपतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस असा प्रश्न केला, कीं जो कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हता. "सर, अल्बम आणि मिक्सटेप यांत फरक काय? मोबाइलवर तर दोन्ही सारखेच दिसतात." मागच्या बांकांवर हशा पिकला. खरें सांगावयाचें तर आम्हांसही उत्तर सुचलें नाहीं. घंटा झाली आणि आमची सुटका झाली. परंतु प्रश्नानें आमची पाठ सोडली नाहीं. वर्गांत देतां न आलेलें उत्तर आज या वार्षिकांत देण्याचा यत्न करितों.

अल्बम हा शब्द मुळांत संगीताचा नव्हे, तो चित्रें चिकटविण्याच्या वहीचा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून फारसें अधिक गाणें मावत नसे. यास्तव एखादी मोठी रचना असली म्हणजे चार-सहा तबकड्या कागदी पाकिटांच्या जाड वहींत घालून विकीत, आणि त्या वहीस अल्बम म्हणत. १९४८ सालीं अमेरिकेंत एका बाजूस वीस-बावीस मिनिटें वाजणारी मोठी तबकडी निघाली. वही गेली, नांव मात्र मागें राहिलें. गाणीं करणाऱ्यानेंच विचारपूर्वक एका क्रमानें लावलेला संच, असा अर्थ त्या नांवास पुढें आला.

क्रमाचें महत्त्व पाहावयाचें असेल तर आम्हां सांगली जिल्ह्यांतील लोकांस दूर जावयास नको. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म याच जिल्ह्यांतील शेटफळें गांवचा. त्यांचें 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून सुरू झालें आणि दर आठवड्यास एक अशीं छप्पन्न गीतें सुधीर फडके यांच्या चालींवर वर्षभर होत राहिलीं. नभोवाणीवर तीं अनेक गायक-गायिकांनीं गाइलीं. पुढें ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या एकट्या फडक्यांच्या आवाजांत. आरंभींच्या गीतांत कुश आणि लव रामापुढें रामायण गातात. छप्पन्नाव्या गीतांत वाल्मीकि त्या बाळांस तेंच रामायण गावयास सांगतात. कथा जेथें संपते तेथूनच ती पुन्हां उगम पावते. हीं गीतें कोणीं उलटसुलट लावून ऐकलीं, तर प्रत्येक गीत गोडच लागेल. परंतु हें वर्तुळ त्याच्या कानीं कधींच पडणार नाहीं.

आतां मिक्सटेप. विद्यार्थ्याच्या मनांत होती ती अमेरिकेंतील. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत १९७० नंतरच्या दशकांत तबकड्या वाजविणारे कलावंत आपल्या कार्यक्रमांच्या फिती भरून हातोहातीं विकीत. पुढें नवे गायक स्वतःच असे संच फुकट वाटूं लागले. त्यांत दुसऱ्यांच्या चाली व तुकडे पुष्कळदां परवानगीवांचून घेतलेले असत, आणि म्हणूनच स्ट्रीमिंगच्या व्यवस्थित दुकानांत त्यांस सहज शिरतां येत नाहीं. शिकागोच्या चान्स द रॅपर या तरुण गायकाचा एक संच २०१३ सालीं फुकट निघाला. २०१९ सालीं तो स्ट्रीमिंगवर आला तेव्हां एका गाण्याच्या जागीं केवळ त्याचें बोलणें होतें, कारण उसन्या सुरांची मोकळीक मिळाली नव्हती. त्याचाच २०१६ चा 'कलरिंग बुक' हा संच तबकडीवर विकला न जातां केवळ स्ट्रीमिंगवर निघाला, आणि मिक्सटेप म्हणविणाऱ्या त्या संचास २०१७ सालीं सर्वोत्तम रॅप अल्बमाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें! त्यांत उपासनामंदिरांतील गायकवृंदाचे सूर जागोजाग ऐकूं येतात, म्हणून आम्हीं तो कौतुकानें ऐकला. सगळा समजला असें मात्र म्हणवत नाहीं. तात्पर्य, त्या देशांत दोहोंमधील कुंपण पुष्कळसें मोडलें आहे, आणि आमचा विद्यार्थी गोंधळला यांत त्याचा दोष नाहीं.

परंतु आमच्या जतेंत मिक्सटेप हा शब्द येण्यापूर्वीं ती वस्तु आली होती. तिला आम्ही "भरून घेतलेली कॅसेट" म्हणत असूं. बाजारांत एक लहानसें दुकान होतें. तेथें कागदावर गाणीं लिहून द्यावयाचीं, साठ मिनिटांची कीं नव्वद मिनिटांची तें सांगावयाचें, आणि आठ दिवसांनीं कॅसेट घेऊन यावयाची. (कायद्याच्या दृष्टीनें हा उद्योग शुद्ध नव्हता, हें आज कळतें, तेव्हां विकणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही त्याची गंधवार्ता नसावी.) आमचा तालुका सीमेवरचा. घरांत मराठी तर आजोळीं कानडी, अशीं कुटुंबें येथें घरोघर. कंपन्यांच्या कॅसेटी एक तर मराठी असत किंवा कानडी. दोन्ही भाषांचीं गाणीं एकाच फितींत शेजारीं शेजारीं बसलेलीं पाहावयाचीं असतील तर तीं या दुकानांतच.

१९९४ सालीं आमचे वडील बंधु नोकरीसाठीं मुंबईस निघाले. जाण्यापूर्वीं त्यांनीं आईकरितां अशी एक साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली. पहिल्या बाजूस राजकुमार यांचें एक कानडी चित्रपटगीत, मग गीतरामायणांतील दोन, लता मंगेशकरांचें एक भावगीत, एक कानडी भक्तिगीत, आणि शेवटीं एक मराठी गीत; पण तें पुरें होण्याआधींच फीत संपे. आई भाकऱ्या थापतांना तें गुणगुणे आणि नेमकी त्याच शब्दावर थांबे. दुसऱ्या बाजूस अखेरीस पांच-सहा मिनिटें मोकळीं राहिलीं होतीं. तेथें दादांनीं शेजाऱ्यांचें यंत्र मागून आणून वडिलांकडून एक ख्रिस्ती गीत गाऊन घेतलें. मागें कोठें तरी भांडें पडल्याचा आवाज होता, आणि दुसऱ्या कडव्यास वडील खोकले होते. मग दादांनीं कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाकले, म्हणजे तिच्यावर कोणास पुन्हां कांहीं भरतां येऊं नये.

तें कोणीं भरलें, हें आतां सांगितलेंच पाहिजे. १९९८ सालीं आम्ही महाविद्यालयांत होतों. नभोवाणीवर एका नव्या चित्रपटाचीं गाणीं लागणार होतीं, आणि कोऱ्या कॅसेटीस पैसे नव्हते. मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लाविली कीं यंत्र फसतें, ही विद्या आम्हांस मित्रांनीं शिकविली होती. आम्हीं दुसरी बाजू घेतली. वडील तेव्हां शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होते. ज्यांचा आवाज रोज ऐकूं येतो त्यांचा आवाज जपून ठेवावयाचा असतो, ही कल्पनाही मनास शिवली नाहीं.

वडील २००१ सालीं प्रभूजवळ गेले. त्यानंतर महिन्याभरानें एके सायंकाळीं आईनें ती कॅसेट काढली, दुसरी बाजू लाविली, आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली. वडिलांच्या जागीं चित्रपटांतील गाणें आलें. आईनें आमच्याकडे पाहिलें नाहीं. तिनें यंत्र बंद केलें, कॅसेट उलटविली, आणि पहिली बाजू लाविली. त्याविषयीं ती आजवर एक शब्दही बोललेली नाहीं.

कालांतरानें ती फीतही यंत्रांत गुंतून तुटली. गेल्या दोन वर्षांपासून आई अंथरुणास खिळून आहे. आम्हीं मोबाइलवर शोधावयास बसलों, तों अर्ध्या तासांत पहिल्या बाजूचीं सारीं गाणीं सांपडलीं. जें मिळविण्यास दादांस आठ दिवस लागले, तें फुकट, घरबसल्या! स्ट्रीमिंगचे हे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. दादांस मुंबईस दूरध्वनि करून क्रम पडताळून घेतला, आणि आईच्या उशाशीं तीं गाणीं लाविलीं. शेवटचें गीत त्या शब्दावर आलें, आणि थांबलें नाहीं. आई दचकून म्हणाली, "ह्याच्या म्होरं बी हाय व्हय?" तीस वर्षें तिचें तें गीत तेथेंच संपत आलें होतें.

आमची यादी संपली, तरी यंत्र थांबलें नाहीं. त्यानें आपल्या मनानें एक गाणें लाविलें, मग दुसरें. वाईट नव्हतीं, आईच्या आवडीचा अंदाज त्यानें बराच बरोबर बांधला होता. चार गाणीं झाल्यावर तिनें विचारलें, "ह्ये कुणी भरलंय रं?"

या प्रश्नापुढें आम्ही निरुत्तर झालों, आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें. गीतरामायणाचा क्रम माडगूळकर-फडक्यांचा. आईच्या कॅसेटचा दादांचा. हेंच गाणें येथें कां, असें विचारावयास दोन्ही ठिकाणीं कोणी तरी मनुष्य होतें. यंत्राच्या रांगेस मात्र विचारावें असें कोणीच नाहीं. तें आपल्या मागील ऐकण्यावरून अनुमान करितें. स्पॉटिफाय ही सेवा भारतांत २०१९ सालीं आली. गाणें तीस सेकंद वाजलें कीं तें एकदां ऐकलें अशी तेथें मोजणी होते. साहजिकच पहिल्याच अर्ध्या मिनिटांत मनुष्यास धरून ठेवण्याची धडपड गाणाऱ्यांस करावी लागते. अ‍ॅडेल या इंग्रज गायिकेनें आग्रह धरला म्हणून २०२१ सालीं त्याच सेवेनें अल्बमाची मुख्य कळ बदलली, आणि गाणीं उलटसुलट न लागतां क्रमानें लागूं लागलीं. गाणाऱ्यास आपला क्रम मागून घ्यावा लागला, याचें आम्हांस नवल वाटतें.

गेल्या नाताळांत दादा जतेस आले. वडिलांनीं गाइलेलें गीत त्यांच्या ध्यानांत होतें. तें मोबाइलवर शोधलें, तर चार-पांच निरनिराळ्या गायकवृंदांचें मिळालें, वाद्यमेळासह, फार सुरेख. आईनें एकेक ऐकून मान हलविली. मग दादांनींच तें म्हटलें, आणि आम्हीं मोबाइलमध्यें भरून घेतलें. आईनें तें दोनदां ऐकलें.

"चांगलं म्हटलंस," ती म्हणाली, "पर त्येंची पट्टी खालची हुती."